टेकऑफलाच गेलेल्या बॉम्बर क्रूमनचा माग कसा काढायचा

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरवरचा माणूस शोधायचा म्हटलं की सगळे आधी जर्मनीचा नकाशा उघडतात. कुठल्या शहरावर पाडलं, कुठल्या नाईट फायटरने पाडलं, कबर कुठल्या डच खेड्यात आहे वगैरे वगैरे. पण एक बराच मोठा गट असा आहे जो इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंतसुद्धा पोचला नाही, बॉम्ब आणि पेट्रोलने भरलेलं विमान रनवेवर सुटलं आणि तिथेच नाहीतर पुढच्या शेतात संपलं. अशांचा शोध वेगळ्या वाटेने जातो आणि माझ्या मते सोपाही जातो, कारण जे झालं ते स्वतःच्याच तळावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं, डॉक्टर, रजिस्ट्रार, पाद्री सगळे हाताशी होते, म्हणजे कागद जास्त तयार झाले. फक्त हे कागद बेपत्ता विमानांच्या फायलींत नसतात आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते.

आधी आकड्यांचा घोळ समजून घ्या. आरएएफच्या (ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या) बॉम्बर कमांडमध्ये साधारण सव्वा लाख लोक एअरक्रू म्हणून होते, त्यातले ५५,५७३ मेले, आणि त्यातले हजारो जण शत्रूच्या गोळीने नाही तर ट्रेनिंगमध्ये आणि अपघातांत गेले. नेटवर मोहिमांचे रात्रवार तक्ते सापडतात त्यात 'गमावलेली विमानं' म्हणजे बहुधा परत न आलेली विमानं. जे नीट निघालंच नाही ते या रकान्यात यायचा प्रश्नच नाही. उदाहरण घ्या, ८ सप्टेंबर १९४३, केंब्रिजशायरमधला मेपल तळ, एली शहराच्या पश्चिमेला. ७५ (न्यूझीलंड) स्क्वाड्रनचं स्टर्लिंग बॉम्बर, सिरियल नंबर बीके८०९, फ्रान्सच्या किनाऱ्यावर बुलोनजवळच्या जर्मन तोफांवर निघालेलं. धावतानाच रनवे सोडून बाजूला गेलं, तळाच्या कडेच्या घरांवर आदळलं, पेटलं, आणि लोक मदतीला धावून जवळ पोचलेले असताना बॉम्ब फुटले. पायलट गेला, क्रूमधले आणखी गेले, मदतीला धावलेलेही गेले. आणि त्या रात्रीच्या बुलोन मोहिमेचा सारांश वाचा, तिथे एकही विमान गमावलं नाही असं लिहिलेलं सापडेल. तेव्हा नुसता तक्ता बघून 'या रात्री तर कुणीच मेलं नाही, तारीख चुकली असणार' असं ठरवून मोकळं होऊ नका.

आता कामाला लागू. सुरुवात कबरीपासून. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साईट फुकट आहे, नाव टाका, तारीख टाका. ज्यांचा देह मिळालाच नाही अशा वीस हजारांवर हवाईदलवाल्यांची नावं लंडनजवळच्या रनीमीड स्मारकावर आहेत, पण टेकऑफला गेलेल्याचं नाव तिथे क्वचितच असेल, त्याला बहुतेक वेळा कबर असते. पानावर जे जे दिसेल ते सगळं उतरवून घ्या, सर्व्हिस नंबर, रँक, ट्रेड (म्हणजे विमानातलं काम), युनिट, तारीख, वय, आईवडलांची नावं. सर्व्हिस नंबर तर सोन्यासारखा जपा. तो 'आर' किंवा 'जे'ने सुरू होत असेल तर माणूस रॉयल कॅनेडियन एअर फोर्सचा, 'आर' म्हणजे साधा एअरमन किंवा सार्जंट, 'जे' म्हणजे ऑफिसर. नाव एकसारखं असणारे डझनभर सापडतील, नंबर एकाचाच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची जी फ्रान्स-जर्मनीतल्या कबरींवर शिकलेल्यांना माहीत नसते. तिकडे अख्खा क्रू एका ओळीत शेजारी शेजारी पुरलेला असतो, त्यामुळे 'बाजूच्या कबरी बघ' हा नियम चालतो. इंग्लंडात मेलेल्या ब्रिटिश माणसाचं तसं नाही, घरच्यांनी मागितलं तर शवपेटी रेल्वेने गावी जायची आणि गावच्या चर्चच्या आवारात दफन व्हायचं. म्हणजे एकाच लँकॅस्टर बॉम्बरमधले सात जण सात गावांत. उलट कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या पोरांचं गाव समुद्रापलीकडे, त्यामुळे ते तळाच्या जवळच्या ठरलेल्या सिमेट्रीत, हॅरोगेटची स्टोनफॉल, केंब्रिज सिटी सिमेट्री, ऑक्सफर्डची बॉटली अशा ठिकाणी. स्टोनफॉलमध्ये तर निम्म्याहून जास्त कॅनेडियनच आहेत कारण कॅनडाचा ६ नंबरचा ग्रुप यॉर्कशायरमधूनच उडायचा. तर क्रू जुळवायचा असेल तर कबरीने नाही, तारीख आणि स्क्वाड्रन धरून जुळवा. लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरचा लॉसेस डेटाबेस यासाठी बेस्ट, तिथे जवळपास ५८ हजार नावं आहेत, अपघातात आणि ट्रेनिंगमध्ये गेलेलेही धरलेत आणि बऱ्याच नोंदींत क्रूमधल्या बाकीच्यांची नावं एकमेकांना जोडलेली असतात.

आपल्याकडच्या लोकांसाठी एक पोटमुद्दा. पुण्यात खडकीला जी वॉर सिमेट्री आहे तिथे एखाद्या दगडावर आरएएफचं चिन्ह आणि खाली एअर गनर वगैरे दिसलं म्हणून हा माणूस लोहगाववरून उडताना गेला असं लगेच धरू नका. ती सिमेट्री मुळात पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या, पुढे कुणी सांभाळेल याची खात्री नसलेल्या कबरी एकत्र आणायलाच केलेली आहे. कमिशनच्या साईटवर त्या माणसाच्या पानावर खाली स्कॅन केलेले कागद असतात, त्यात कबर हलवल्याचा रिपोर्ट असेल तर आधी कुठे पुरलं होतं ते कळतं. ते गाव सापडलं की जवळचा एअरफील्ड शोधा आणि मग तिथलं युनिट.

पुढचा टप्पा म्हणजे स्क्वाड्रनची डायरी, तिला ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक म्हणतात. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एआयआर २७ या मालिकेत आहेत आणि स्कॅन झालेल्या आहेत, घरबसल्या डाउनलोड होतात, फी-बी काय आहे ते आधी बघून घ्या. यात दोन प्रकारची पानं असतात. फॉर्म ५४० म्हणजे दिवसवार घडामोडी आणि फॉर्म ५४१ म्हणजे विमानवार नोंद, सिरियल नंबर, क्रूची नावं, वर गेल्याची वेळ, खाली आल्याची वेळ, आणि शेरा. टेकऑफला पडलेल्या विमानाची नोंद कधी ५४१ मध्ये सापडते आणि खाली आल्याचा रकाना कोरा असतो, कधी ५४१ वाल्या क्लार्कने ते विमान धरलेलंच नसतं आणि फक्त ५४० मध्ये दोन ओळी असतात. दोन्हीकडे नाही मिळालं तर तळाची स्वतःची वेगळी डायरी असते, एआयआर २८, ती उघडा. आणि त्याच दिवसापाशी थांबू नका, पुढचे आठ-दहा दिवस वाचा, कारण दफनविधी, चौकशीला आलेला ऑफिसर, दवाखान्यात नंतर दगावलेला एखादा क्रूमेट हे सगळं पुढच्या पानांवर येतं.

वेळा वाचताना सांभाळा. युद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून उन्हाळ्यात घड्याळ जीएमटीच्या दोन तास पुढे असायचं, जूनमध्ये दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळायचा, तेव्हा रात्री दहाचा टेकऑफ म्हणजे काळोखात झाला असं समजून गोष्ट रचू नका. तारखेचंही तसंच, मोहीम ८/९ च्या रात्रीची म्हणतात पण टेकऑफला गेलेला संध्याकाळी गेला असेल तर मृत्यू ८ चाच असणार. बाकीच्यांची ९ आणि याची ८ दिसली की ती चूक नसते, उलट खूण असते.

विमान वेलिंग्टन असेल आणि साल १९४३ किंवा पुढचं, तळ इंग्लंडच्या मध्यभागात, तर बहुतेक ती स्क्वाड्रन नाही, ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट आहे. त्यांच्या डायऱ्या एआयआर २९ मध्ये, आणि खरं सांगू तर फार कोरड्या, पुष्कळदा क्रूची नावंसुद्धा नसतात. तिथे डायरीवर जास्त जीव लावू नका, सरळ अपघाताच्या कार्डाकडे जा.

हे कार्ड म्हणजे फॉर्म ११८०. अपघात झालेल्या प्रत्येक विमानाचं एक कार्ड भरलं जायचं आणि ती कार्डं लंडनच्या हेंडनमधल्या आरएएफ म्युझियमकडे आहेत, ईमेल करून विमानाचा प्रकार, सिरियल नंबर आणि तारीख दिली की विचारता येतं. त्यासोबत फॉर्म ७८ पण मागा, ते विमानाचं हालचाल कार्ड, कारखान्यातून कधी आलं, कुठल्या युनिटला गेलं, कधी रद्द झालं. चौकशी समितीचे पूर्ण रिपोर्ट मात्र बहुतेक नष्ट केलेले आहेत, त्यांच्यामागे महिने घालवू नका. मृत्यूच्या वेगळ्या फायली एआयआर ८१ मालिकेत आहेत, सप्टेंबर १९३९ पासून पुढे टप्प्याटप्प्याने उघडतायत, तुमची तारीख त्यात आली असेल तर नशीब, कारण घरच्यांशी झालेला पत्रव्यवहारसुद्धा त्यात असतो.

आता कार्ड हातात आलं की ते वाचायचं कसं, यावर जरा थांबतो, कारण इथेच लोक एखाद्या मेलेल्या पोरावर सहज ठपका ठेवून मोकळे होतात. कार्डावर कारणाला जागा किती, जेमतेम ओळ-दोन ओळी, खुणांच्या भाषेत. 'विमान वळलं, पायलटने सावरलं नाही' असं काहीतरी. हे वळणं म्हणजे काय ते समजून घ्या. त्या काळातले हे बॉम्बर शेपटीकडच्या चाकावर बसायचे, नाक वर. चार इंजिनं पूर्ण जोरात लावली की विमान एका बाजूला ओढायचं, लँकॅस्टर डावीकडे, स्टर्लिंग उजवीकडे आणि स्टर्लिंग तर याबाबत बदनामच होतं. वेग येऊन शेपूट वर उचललं जाईपर्यंत रडरला (शेपटीवरच्या, विमान वळवणाऱ्या पात्याला) फारशी हवा मिळत नाही, तोवर पायलट काय करायचा, तर ज्या बाजूला ओढतंय त्या बाजूच्या इंजिनाचं थ्रॉटल थोडं आधी पुढे रेटायचा. हे सगळं अंधारात, रनवेच्या दिव्यांच्या दोन ओळींमध्ये, पूर्ण भरलेल्या विमानात. लँकॅस्टरचं भरलेलं वजन तीस टनांच्या आसपास जायचं, दोन हजार गॅलनच्या वर पेट्रोल, आणि पोटात बऱ्याचदा चार हजार पौंडी 'कुकी' (एका जातीचा बॉम्ब), जिचं कवच इतकं पातळ की आगीत किंवा आदळून ती फुटायची. स्टर्लिंगचं अंडरकॅरेज (चाकांचा सांगाडा) इतकं उंच आणि किचकट की वळण जोरात आलं की ते मोडायचं, पायलट जमिनीपासून वीसेक फूट वर बसलेला. त्यात टायर फुटला, बाजूचा वारा आला, एका इंजिनाने जोर सोडला, की सावरायला काही सेकंद मिळायचे. तेव्हा कार्डावर पायलटचं नाव घेऊन शेरा असेल तर त्याच्या शेजारी त्याचे त्या विमानावरचे तास लिहिलेत का ते बघा, त्या संध्याकाळचं वारं डायरीत आहे का बघा, त्याच रात्री आणखी कुणाचं विमान वळलं का तेही बघा.

आणि तुमचा माणूस पायलट नसेल तर त्याच्या बाबतीत हा शेरा काहीच सांगत नाही. लँकॅस्टरमध्ये सात जण, पायलट, फ्लाइट इंजिनीअर, नेव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर आणि वरचा-मागचा असे दोन गनर. टेकऑफला इंजिनीअर पायलटच्या बाजूला थ्रॉटलवर हात ठेवून असायचा, बाकीचे फक्त बसलेले. शेपटाचा भाग तुटून लांब पडला तर कधीकधी मागचा गनर एकटा वाचायचा, म्हणून वाचलेला कोण होता ते जरूर शोधा, त्याने नंतर कुठे मुलाखत दिली असेल तर ती सगळ्या फॉर्मांपेक्षा भारी. लिंकनच्याच सेंटरच्या डिजिटल आर्काइव्हमध्ये अशा बऱ्याच मुलाखती ऐकायला मिळतात. क्रू आठ जणांचा दिसला तर दचकू नका, नवा आलेला पायलट पहिल्यांदा अनुभव घ्यायला दुसऱ्याच्या क्रूबरोबर जायचा.

सगळ्यात कामाची युक्ती आता सांगतो. तुमचा माणूस ब्रिटिश असेल आणि त्याची फाईल मिळत नसेल तर त्याच्या क्रूमध्ये एखादा कॅनेडियन किंवा ऑस्ट्रेलियन आहे का ते बघा. बॉम्बर कमांडचे क्रू मिश्र असायचे, त्यामुळे शक्यता चांगली असते. कॅनडाने १९३९ ते १९४७ मधल्या युद्धमृतांच्या सर्व्हिस फायली खुल्या केल्यात, शाळेच्या दाखल्यापासून मेडिकलपर्यंत सगळं, आणि कधीकधी ब्रिटनमध्ये न सापडणारा अपघाताचा रिपोर्ट किंवा त्याची प्रत त्यात आरामात पडलेली असते. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ए७०५ मालिका बघा, या मृत्यूविषयक फायली, पुष्कळशा स्कॅन केलेल्या, फुकट. त्यात घरी गेलेली तार असते, तळाच्या कमांडरचं पत्र असतं, कबरीच्या फोटोबद्दलचा पत्रव्यवहार असतो. आणि सामानाची यादी असते. माणूस गेला की एक छोटी समिती त्याचं कपाट रिकामं करायची आणि सामान कोलनब्रुकच्या आरएएफ डेपोत जायचं, तिथून घरच्यांना. सायकल, दाढीचं सामान, फाउंटन पेन, किल्लीची रिंग, मोजे किती जोड ते सुद्धा, खाली सही. ही यादी मिळाली तर ती पूर्ण वाचा, माणूस कसा होता हे तिथे जितकं कळतं तितकं कुठल्या फॉर्ममध्ये कळत नाही. न्यूझीलंडच्या माणसासाठी ऑकलंड म्युझियमचा 'ऑनलाइन सेनोटाफ' डेटाबेस आणि त्या देशातली जुनी वर्तमानपत्रं, दोन्ही फुकट.

ब्रिटिश माणसासाठी अजून एक कागद आहे जो जर्मनीवर पडलेल्याला मिळत नाही. मृत्यू इंग्लंड किंवा वेल्समध्ये झाला म्हणजे तो साध्या स्थानिक रजिस्ट्रारकडे नोंदलेला असतो, म्हणजे जनरल रजिस्टर ऑफिसकडून नेहमीसारखं डेथ सर्टिफिकेट मागवता येतं. इंडेक्स तिमाहीप्रमाणे असतो, जिल्हा तळाच्या जवळचा टाकायचा, माणसाच्या गावचा नाही, मेपलच्या केसला एलीचा भाग बघायचा. सर्टिफिकेटवर जागा आणि कारण येतं, आणि कारण वाचायला जड जातं हे आधीच सांगून ठेवतो, घरच्या कुणाला पाठवण्याआधी विचारून घ्या.

अमेरिकन असेल तर गणित बदलतं. तिकडे बेपत्ता क्रूचा जो प्रसिद्ध रिपोर्ट असतो तो टेकऑफच्या क्रॅशला बहुधा नसतो, कारण बेपत्ता कुणी नव्हतंच. त्याऐवजी अपघाताचा रिपोर्ट शोधा, आर्मी एअर फोर्सेसच्या जुन्या कागदांसाठी अलाबामातल्या मॅक्सवेल बेसवरची हिस्टॉरिकल रिसर्च एजन्सी. वैयक्तिक सर्व्हिस फाईल मिळेल ही आशा कमी ठेवा, १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसच्या रेकॉर्ड सेंटरला आग लागली आणि त्या काळातल्या आर्मीच्या फायलींतल्या सुमारे ८० टक्के गेल्या. मृत व्यक्तीची वेगळी फाईल, जिला आयडीपीएफ म्हणतात, ती मात्र वेगळी ठेवलेली होती, ती मागा. आणि टेकऑफच्या क्रॅशमध्ये जमिनीवरच्या लोकांची नोंद दुसऱ्याच देशाच्या कागदांत असू शकते हे विसरू नका. ७ सप्टेंबर १९४३ ला न्यू गिनीतल्या पोर्ट मोरेस्बीच्या जॅक्सन्स फील्डवरून उठलेलं अमेरिकन लिबरेटर बॉम्बर झाडाला लागून खाली आलं ते नाडझाबला जायला ट्रकमध्ये बसून असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या २/३३ बटालियनवर. लिबरेटरचे अकरा जण गेले, ऑस्ट्रेलियन साठच्या आसपास गेले, त्यांच्या कबरी तिथल्याच बोमाना सिमेट्रीत. एकाच अपघाताचे कागद दोन देशांत, आणि ऑस्ट्रेलियन बटालियनची डायरी वाचल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

भारतीय हवाईदलातल्या माणसाचा शोध घेत असाल, म्हणजे व्हेंजन्स डाइव्ह बॉम्बरवरचा दोघांपैकी एक वगैरे, तर कमिशनच्या साईटवर आडनावाची स्पेलिंगं बदलून बदलून शोधा, आपली आडनावं तेव्हाच्या क्लार्कने कानाला आली तशी लिहिलीत. हिंदू-शीख असेल तर दहन झालं असल्याने कबर नसते, नाव सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर असू शकतं, जरी तो तिथे कधी गेलाच नसेल.

तळ प्रत्यक्ष बघायचा असेल, इंग्लंडात राहणारी आपली बरीच मंडळी विकेंडला जाऊ शकतात म्हणून सांगतो, तर जाण्याआधी सॅटेलाइट नकाशावर रनवे ओळखा. युद्धातले बॉम्बर तळ साधारण एका साच्याचे, मुख्य रनवे २,००० यार्ड आणि त्याला छेदणारे १,४०० यार्डांचे दोन, शेतात अजून त्या त्रिकोणाची खूण दिसते. डायरीत त्या दिवशी वापरलेला रनवे किंवा वाऱ्याची दिशा असेल तर विमान कुठल्या टोकाला पडलं याचा अंदाज येतो. पण जमीन आता शेतकऱ्याची असते, विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही, आणि मेटल डिटेक्टर वगैरे तर अजिबात नाही. १९८६ च्या मिलिटरी अवशेष संरक्षण कायद्याने ब्रिटनमधली लष्करी विमानांची प्रत्येक क्रॅश साईट संरक्षित आहे, परवान्याशिवाय खणलं तर गुन्हा होतो. नट-बोल्टसुद्धा खिशात टाकू नका.

शेवटचं काम कंटाळवाणं पण करा. तुमच्याकडे काही पक्कं सापडलं, वय चुकलंय, ट्रेड चुकलाय, क्रूचा दुवा नाही, तर लिंकनच्या सेंटरला कळवा, ते डेटाबेस सुधारत असतात. कमिशनला कळवायचं असेल तर पुराव्याचा कागद जोडावा लागतो, डेथ सर्टिफिकेट किंवा सर्व्हिस फाईलचं पान, 'अमुक साईटवर वाचलं' हे चालत नाही. कागद पाठवताना त्याचा मालिका नंबर आणि पान नंबर फाईलच्या नावातच टाका, उत्तर यायला वेळ लागतो आणि तोवर कुठली इमेज कुठून घेतली ते आपल्याच लक्षात राहत नाही.